टिचकी आणि संकल्प

राजोडीच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनापासून थोड्या अंतरावर आमच्या एका स्नेह्यांचें घर आहे. पुढें केळीची वाडी, मागें विहीर आणि दाराला जुन्या वळणाची लोखंडी कडी. घरांत विजेची घंटा बसवून पुष्कळ वर्षें झालीं, तरी शेजारीपाजारी अजून कडीच वाजवितात, आणि घरच्या माई आंतूनच सांगतात कीं कोण आलें आहे. कडी तीच, पण वाजविणारा हात निराळा असला कीं आवाज निराळा होतो, असें त्यांचें म्हणणें. गेल्या पावसाळ्यांत याच घरांत एक प्रसंग घडला. त्यांत कोणास इजा झाली नाहीं कीं कांहीं नुकसान झालें नाहीं. वर्तमानपत्रांत दोन ओळी याव्या एवढेंही त्याचें महत्त्व नाहीं. परंतु मनुष्याचें कृत्य कशास म्हणावें, आणि त्याचा शब्द केव्हां त्याचा मानावा, हा फार जुना प्रश्न त्या प्रसंगानें आमच्यापुढें नव्या वेषांत आणून उभा केला. म्हणून तो येथें सांगून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माईंचा मुलगा मुंबईस चर्चगेटजवळ नोकरीस आहे. नालासोपाऱ्याहून लोकल धरून तो रोज जातो आणि येतो. या प्रवासाची ज्यांना कल्पना आहे त्यांना गर्दीचें वर्णन करून सांगण्याची जरूर नाहीं. एका हातानें कडी धरली म्हणजे दुसऱ्या हातानें फोनवर दोन अक्षरें उमटविणेंही कठीण. संध्याकाळीं स्टेशनावर उतरला कीं त्यानें आईस तसें कळवावें, म्हणजे तिनें भात चुलीवर ठेवावा, असा त्या घरचा क्रम. एक दिवस मुलानें यांतून युक्ति काढली. फोनच्या पाठीवर बोटानें दोन टिचक्या मारल्या कीं ‘नालासोपाऱ्यास उतरलों, घरीं येतों’ हा निरोप आपोआप आईस जावा, अशी त्यानें व्यवस्था करून घेतली. फोनकडे पाहण्याचीही गरज उरली नाहीं.

या सोयीचें स्वरूप प्रथम सांगितलें पाहिजे. हल्लींच्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनांत एक त्वरणमापक असतो. कारागीर त्यास ॲक्सेलरोमीटर म्हणतात. सिलिकॉनचा अत्यंत सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हालला कीं तो तुकडा किंचित् मागें राहतो, त्याच्या आणि शेजारच्या स्थिर पट्ट्यांच्या मधलें अंतर बदलतें, आणि त्याबरोबर त्यांची विद्युत्-धारणाही बदलते. हा बदल मोजून हालचाल किती व कोणत्या दिशेस झाली हें यंत्र ठरवितें. जायरोस्कोप नांवाचा दुसरा मापक फिरण्याचा वेग सांगतो. फोन आडवा धरतांच चित्र आडवें होतें, दिवसभरांतलीं पावलें मोजलीं जातात, तीं यांच्याच आधारें. पाठीवर मारलेल्या टिचकीचा धक्काही या मापकांत उमटतो. तो क्षणार्धांत उठतो आणि क्षणार्धांत विरतो. चालण्याचा हेलकावा संथ असतो, फोन मेजावर ठेवल्याचा धक्का आणखी निराळा; पुष्कळ नमुने देऊन शिकविलेलें गणित यांतून टिचकी तेवढी वेंचून काढतें. सन २०२० च्या सप्टेंबरांत ॲपल कंपनीनें आयफोनच्या पाठीवरील दोन किंवा तीन टिचक्यांना हवें तें काम जोडण्याची सोय दिली. पुढच्या वर्षीं गूगलनें आपल्या पिक्सेल फोनांत तशीच सोय आणली. टिचकी मारून विजेरी लावावी, पडद्याचें छायाचित्र घ्यावें, किंवा आधीं रचून ठेवलेली कामांची सबंध मालिका सुरू करून द्यावी. कल्पना चतुर आहे यांत संशय नाहीं.

आतां प्रसंग. जुलैंतील एका संध्याकाळीं मोठा पाऊस झाला, रुळांवर पाणी चढलें आणि गाडी वसई रोड सोडल्यावर वाटेंतच उभी राहिली. मुलगा दारापासून थोडा आंत, खांबाशीं उभा होता. गाडी केव्हां हालणार याची कांहीं बातमी मिळते का, म्हणून त्यानें फोन उघडून छातीशीं धरला होता. इतक्यांत गर्दीचा लोंढा आला आणि फोनची पाठ खांबावर दोनदां आदळली. फोननें आपलें काम चोख केलें. ठरलेला निरोप राजोडीस पोहोंचला. मुलाच्या हें ध्यानांतही आलें नाहीं, आणि थोड्याच वेळांत फोनची बॅटरी संपली.

राजोडीस माईंनीं भात ठेवला. भात झाला, निवला, मुलगा आला नाहीं. निरोप आलाच नसता तर गाडी अडकली असेल असें समजून त्या स्वस्थ बसल्या असत्या. पाऊस आणि लोकल यांचें नातें वसई-विरारच्या माणसास नवें नाहीं. परंतु निरोप आला होता. म्हणजे मुलगा स्टेशनाबाहेर पडला, म्हणजे तो वाटेंत आहे, म्हणजे वाटेंत त्याचें कांहीं तरी बरेंवाईट झालें, अशी त्यांच्या मनाची धांव गेली; आणि दिलेल्या आधारावरून दुसरा तर्क काढणार कसा? त्यांनीं शेजारच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलास हाक मारली. तो बिचारा गुडघाभर पाण्यांतून, अंधारांत, विजेरी घेऊन सोपाऱ्याच्या वाटेनें दोन वेळां जाऊन आला. वाटेंत एखादें उघडें गटार असतें, तर या निबंधाचा विषय फार वेगळा झाला असता.

मध्यरात्रीच्या सुमारास मुलगा रुळांवरून चालत, चिखलानें भरून घरीं आला. रडणें, रागावणें, जेवणें सर्व यथाक्रम झालें. फोन पुन्हां जागा झाल्यावर काय घडलें त्याचा उलगडाही झाला. तेव्हां माईंनीं एकच प्रश्न विचारला, “आजवर रोज येत होते ते निरोप तरी तूंच धाडीत होतास ना रे?”

“मीच धाडीत होतों, आई,” मुलगा म्हणाला, आणि मग, तो मुलगा प्रामाणिक असल्यामुळें, त्यानें पुढें जोडलें, “म्हणजे धाडी फोनच. मी टिचकी मारी.”

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां हा वृत्तांत ऐकला, आणि त्या प्रश्नोत्तराचा विचार आमच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं. एका खोट्या निरोपानें शेंकडों खरे निरोप संशयित झाले. असें कां व्हावें? मुलाचें उत्तर तर्कास सोडून नव्हतें. इतर दिवशीं टिचकी त्यानें जाणूनबुजून मारली होती, मजकूरही त्यानेंच रचला होता. मग निरोप त्याचाच नव्हे तर कोणाचा?

आमच्या नैयायिकांनीं कृत्याची घटना मोठ्या बारकाईनें लाविली आहे. आधीं ज्ञान, त्यापासून इच्छा, इच्छेपासून प्रयत्न, आणि प्रयत्नापासून शरीराची चेष्टा, असा तो क्रम. यांत प्रयत्न ही पायरी विशेष विचार करण्यासारखी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत आत्मा ओळखण्याच्या खुणांमध्यें प्रयत्नाची गणना आहे. म्हणजे जेथें प्रयत्न दिसतो तेथें आंत कोणी तरी आहे असें अनुमान करावें. आतां त्वरणमापक काय करतो? त्यास ज्ञान दिसत नाहीं, इच्छा दिसत नाहीं, प्रयत्नही दिसत नाहीं. त्यास चेष्टा तेवढी दिसते, तीही शरीराची नव्हे, तर फोनच्या शरीराची. त्या हालचालीवरून तो इच्छेचें अनुमान करतो आणि अनुमान होतांच आज्ञा झाली असें समजून मोकळा होतो. धूर दिसला म्हणून अग्नि असेल असें म्हणणारा तार्किक निदान डोंगराकडे पाहून पुन्हां खात्री करतो. हा तार्किक थेट पाण्याचे बंब रवाना करतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्म सिद्धीस जाण्याचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्या संध्याकाळच्या लोकलांत अधिष्ठान होतें, करण हातांत होतें, चेष्टा खांबानें पुरविली, आणि दैव तर मुसळधार कोसळत होतें. नव्हता तो फक्त कर्ता. आणि तरीही कर्म सिद्धीस गेलें. अपघातानें घडणाऱ्या गोष्टी जगांत पूर्वींही होत्या. हातांतला दगड निसटून कोणाच्या डोक्यावर पडे. परंतु निसटलेला दगड हें वाक्य बोलत नसे. अपघातानें एक पूर्ण, सुसंगत, प्रथमपुरुषी वाक्य उच्चारलें जावें, आणि तें आईनें खरें मानावें, ही गोष्ट मात्र नवी आहे.

यावर कोणी म्हणेल कीं ठरीव मजकूर धाडणें कांहीं आजचें नाहीं. तें खरें आहे. ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ हे शब्द आमच्या वाडवडिलांनीं प्रत्येक पत्रांत लिहिले, आणि ते लिहितांना प्रत्येक वेळीं त्यांचें हृदय भरून येत होतें असें नाहीं. तारखात्यानें तर शुभेच्छांचीं वाक्यें छापून त्यांना क्रमांक दिले होते. लग्नाच्या तारेंत क्रमांक लिहिला कीं पुरे. ती तारही २०१३ च्या जुलैंत बंद झाली, परंतु त्या क्रमांकांच्या तारा कित्येक घरांत अजून जपून ठेवलेल्या असतील. शब्द ठरीव असले म्हणून निरोप निर्जीव होत नाहीं. तारेच्या क्रमांकामागें कोणी तरी कामधाम सोडून तारघरापर्यंत चालत गेलें होतें, आणि घेणारास तें ठाऊक होतें. वसईच्या ख्रिस्ती गांवांतून प्रार्थनेची घंटा होते, तिचे टोले तर अगदींच ठरलेले: तीन, पुन्हां तीन, पुन्हां तीन आणि मग नऊ. कोणीं मेलें तर टोल निराळा. त्यांत एक शब्दही नसतां ऐकणारा जागच्या जागीं थांबतो. कारण दोरीपाशीं एक माणूस उभा आहे आणि तो उगाच दोरी ओढणार नाहीं, हा त्याचा विश्वास असतो. तेव्हां प्रश्न मजकुराचा नाहीं. निरोपांत दोन गोष्टी असतात. एक बातमी, आणि दुसरी ती देणाऱ्याची साक्ष. ‘मुलगा उतरला’ ही बातमी. ‘उतरतांक्षणीं त्याला माझी आठवण झाली’ ही साक्ष. माई बातमीवर भात ठेवीत होत्या; जगत होत्या त्या साक्षीवर. त्या रात्रीं बातमी खोटी ठरली याचें त्यांस फार दुःख झालें नाहीं. साक्षीदार मुळांत हजर होता कीं नव्हता, हा संशय त्यांना बोंचला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यास उत्तर न देतां पुढें जाणें अन्यायाचें होईल. आयफोनमध्यें ही टिचकीची सोय ‘सुलभता’ या सदराखालीं ठेवलेली आहे, आणि तें योग्यच आहे. ज्याचीं बोटें संधिवातानें आंखडलीं आहेत, ज्याचा हात कंप पावतो, ज्यास पडद्यावरचीं बारीक चिन्हें दिसत नाहींत, अशा माणसास दोन टिचक्यांनीं आपल्या मुलीस हाक मारतां येणें म्हणजे हरवलेलें कर्तृत्व परत मिळणें होय. त्यास प्रयत्नाची महती सांगणें ही क्रूर थट्टा होईल; त्याची ती टिचकी आमच्या चार पानी पत्राहून अधिक प्रयत्नाची असूं शकेल. आमचा मुद्दा श्रमाच्या वजनाचा नाहींच. सोपेपणा हा दोष नव्हे. दोष तेथें सुरू होतो जेथें करणाऱ्याचें लक्षही त्या कृत्यांतून उठून जातें. माईंच्या मुलानेंच आम्हांस मागाहून सांगितलें कीं शेवटीं शेवटीं पुलाचा जिना उतरतांना बोटें आपोआप चालत. टिचकी मारली कीं नाहीं हें घरीं पोहोंचल्यावर त्यास आठवतही नसे. म्हणजे माईंचा संशय अगदींच निराधार होता असें म्हणतां येत नाहीं. खांबानें त्या दिवशीं जें केलें तें संवयीचीं बोटें पुष्कळ दिवस करीत होतीं.

संकटाच्या वेळची गोष्ट आणखी निराळी. केंद्र सरकारनें २०१६ सालीं नियम करून १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइल फोनांत धोक्याचें बटण असलेंच पाहिजे असें ठरविलें. स्मार्टफोनचें चालूबंदीचें बटण लागोपाठ तीनदां दाबलें कीं मदतीची हाक जावी, अशी त्यांत योजना आहे. जिच्यावर संकट ओढवलें आहे तिनें विचार करीत बसावें असें कोण म्हणेल? तेथें मार्ग जितका आंखूड तितका चांगला. चुकीची हाक गेली तर पोलिसांस फुकट हेलपाटा, पण खरी हाक राहिली तर प्राण जावयाचा. तथापि हेलपाट्याचेंही मोल कोणी तरी देतच असतो. २०२२ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या बर्फाच्या डोंगरांवर घसरगुंडीचा खेळ खेळणाऱ्यांचे फोन त्यांच्या पडण्याला मोटारीचा अपघात समजून मदतीस हाका मारीत सुटले, आणि तेथील मदत-केंद्रांतील माणसें त्या खोट्या हाकांना उत्तरें देऊन थकून गेलीं. पडणारास त्याची दादही नव्हती.

आमच्या पालघर जिल्ह्यांत याच मापकाचें एक निर्दोष उदाहरण आहे. डहाणू-तलासरीच्या बाजूस नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथील कित्येक कुटुंबांनीं तेव्हां घराबाहेर रात्री काढल्या. अँड्रॉइड फोन स्थिर पडलेले असतां त्यांच्यांतील त्वरणमापक जमिनीचा हादरा टिपतात, आणि एका प्रदेशांतील पुष्कळ फोनांनीं एकदम तो टिपला कीं इतरांस इशारा देतां येतो. गूगलनें ही योजना भारतांत २०२३ च्या सप्टेंबरांत आणली. येथें यंत्रास कोणाचें मन ओळखावयाचें नाहीं. एका फोनच्या सांगण्यावर तें विसंबतही नाहीं. जमीन हालली एवढेंच सांगावयाचें आहे, आणि जमिनीस हेतु नसतो. हादऱ्याची बातमी यंत्रानें जरूर द्यावी. माणसाची साक्ष त्यानें परस्पर देऊं नये.

यावरून एक व्यवहाराचा नियम काढतां येईल असें आम्हांस वाटतें. कोणतेंही काम टिचकीस जोडण्यापूर्वीं आपण स्वतःस दोन प्रश्न विचारावे. हें काम चुकून घडलें तर भोगावें कोणीं लागेल? आणि ज्याच्यासाठीं हें घडतें तो याला माझ्या मनाची खूण समजतो काय? विजेरी चुकून लागली तर आपली बॅटरी जळेल. तिला कोणी आपलें प्रेम समजत नाहीं. ती खुशाल टिचकीस जोडावी. पैसे देणें, संमति कळविणें, क्षेमसमाचार, सांत्वन, क्षमा, या गोष्टी मात्र दुसऱ्याच्या आयुष्यांत जाऊन पडतात, आणि तेथें त्या आपल्या नांवावर उभ्या राहतात. त्यांच्या आणि आपल्या मध्यें एक क्षण तरी असा हवा कीं ज्यांत आपण ‘नको’ म्हणूं शकलों असतों. ज्यास नकार शक्य होता त्याच्याच होकारास किंमत असते.

हा उपदेश आम्ही निर्दोषपणाच्या उंचवट्यावरून करीत आहों असें वाचकांनीं समजूं नये. आमच्याच फोनांत कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें सांत्वनाचें एक सुबक वाक्य साठवून दिलें होतें. आमच्या वयाच्या माणसास अशा वाक्याची वारंवार गरज पडूं लागते. टिचकी मारावी आणि वाक्य उमटावें. एका जुन्या सहाध्यायाची पत्नी वारली तेव्हां तें आम्हीं त्यास धाडलें. आठ दिवसांनीं त्यानें फोन करून कृतज्ञतेनें सांगितलें, “तुमचें तेवढें वाक्य मी दोनतीनदां वाचलें.” कोणतें वाक्य, हें आम्हांस आठवेना. फोन कानाशीं धरून आम्ही उगीच हुंकार देत राहिलों. त्या दिवशींची लाज आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती. येथें सांगितली ती एवढ्याचसाठीं कीं खोटें निरोपांत होतें असें नाहीं. वाक्य खरें होतें, दुःखही आम्हांस झालें होतें. परंतु त्या दोहोंची भेट कधींच घडली नव्हती.

गणपतींत आम्ही पुन्हां राजोडीस गेलों. माईंच्या मुलानें टिचकीची सोय टाकलेली नाहीं. ती आतां विजेरीस जोडली आहे. बसमधून उतरून वाडीपर्यंतच्या अंधाऱ्या वाटेवर तिचा चांगला उपयोग होतो. आईस निरोप तो स्वतः लिहितो. गर्दी फार असली तर स्टेशनाबाहेर येऊन लिहितो, आणि एखादे दिवशीं विसरतोही. “मग भात उशीरा होतो,” माई म्हणाल्या. “एकदां त्यानें ‘उतरलों’च्या जागीं ‘उरतलों’ लिहिलें होतें. म्हटलें, हा त्याचाच.”

आम्ही हंसलों. एवढ्यांत बाहेर कडी वाजली, आणि माई कोण आलें आहे तें सांगत उठल्या.